पेटी एकटी जात नाय

मी मूळची सायखेड्याची, गोदावरीकाठची. बसा ना, पण त्या कोपऱ्यात टेकू नका हां, तिथं लुगड्याखाली पेटी हाय, बाजाची पेटी, आज ती जायची हाय इथून. तर माझं माहेर सायखेडा, म्हणजे मामाचं घर. वडील लवकर गेले, मग आई आम्हाला घेऊन भावाकडं आली, नारायणमामाकडं, आणि मामानंच वाढवलं, लग्न लावलं, सगळं त्यानंच. दिवसभर वांगी-टोमॅटोत राबायचा आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन देवळात पेटीवर बसायचा. मामानं मला जन्मात कधी मारलं नाय, पण एकदा मी खरकट्या हातानं पेटीला शिवले, तर नुसतं बघितलं माझ्याकडं, आणि काय सांगू तुम्हाला, त्यापेक्षा मार परवडला असता. अजून परवडेल.

लग्न होऊन नाशकात आले, अंबडला कंपनीत लागले, तारा गुंडाळायचं काम, बावीस वर्षं तेच. डबा खायच्या सुट्टीत आम्ही बायका गाणी म्हणायचो, जात्यावरची, लग्नातली, जिला जे येतं ते. मग कॉलनीत एक दिवस कार्यक्रम केला, मामा पेटी घेऊन आला, मग सायखेड्याचे म्हणाले आमच्याकडं का नाय, मग सटाण्याकडचे आले अहिराणी गाणी घेऊन, पेठकडच्या बायका नाच घेऊन आल्या, असं करत करत अकरा गावं झाली. एकेका गावाचा एकेक दिवस, सगळं त्या त्या गावाचं, आम्ही त्याला फेरी म्हणतो. माझं काम काय, तर फोन. कुणी कधी यायचं, कुणी आधी गायचं, कुणाला कुठं उतरवायचं. आमचे हे म्हणतात, तुझा कान आता कानाचा राहिला नाय, फोनचा झालाय.

आणि फेरीत एक पेटी फिरते, मामाची. एका गावाचा दिवस झाला की पेटी पुढच्या गावाला जाते, तिला कुंकू लागलं की मगच तिथला दिवा लागतो. मामानं देताना एकच अट घातली. म्हणाला, मंदे, पेटी एकटी जात नाय. पेटीसोबत माणूस, आणि पेटी मांडीवर. टपावर नाय, डिकीत नाय. मी म्हणलं बरं. आणि पाळलं की हो सगळ्यांनी, एसटीत मांडीवर घेऊन जायचे, कंडक्टर विचारायचा, हिचं तिकीट? एकदा तर एकानं काढलं अर्धं तिकीट.

मोडलं कुणी? मीच.

झालं काय, त्याच्या आदल्या वर्षी नांदगावला माझी चूक झाली होती. तिथलं सगळं जिजाआक्का बघते, भारूड म्हणते, आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी मागच्याला कळत नाय बंद पडलाय. तिचं भारूड रंगात आलं होतं आणि कुणी पाहुणे आले भाषणाला, त्यांना पुढं जायची घाई, म्हणून मी आक्काला खूण केली की आटपा. अर्ध्यात तोडलं हो भारूड. आक्का स्टेजवरून उतरली ती माझ्याशी बोललीच नाय, आणि दिवाळीनंतर फोन आला, म्हणाली मंदाताई, तुमची यादी मोठी झाली, आम्ही बारीक झालो. यंदा दिवेलागणीला पेटी आमच्या दारात नसली तर आम्ही आमचा दिवा लावू आणि तुमच्या फेरीतून बाहेर. आणि नांदगाव गेलं की त्याच्या पलीकडची तीन गावं गेली, ती आक्काच्याच शब्दावर आली होती. मी म्हणलं आक्का असं काय बोलता.

तर सायखेड्याचा दिवस पार पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी नांदगावला निघायची. मामा म्हणाला, मीच नेतो मांडीवर. आता मामाचं वय ऐंशीच्या पुढं, हात थरथरतो, पेटी आठ-दहा किलोची. मी म्हणलं मामा, तुम्ही आमच्यासोबत गाडीत या, आरामात, पेटी किसनच्या पिकअपनं जाईल. किसन आमच्या भावकीतला, द्राक्षं नेतो. मामा म्हणाला, मंदे, पेटी एकटी जात नाय. मी म्हणलं मामा, जग कुठं गेलं, लोकं परदेशात द्राक्षं पाठवतात, एक पण फुटत नाय. आणि खरंच, द्राक्षवाल्यांसारखं बांधणं कुणाला जमत नाय, किसनच्या घरच्यांनी दोन खोकी जोडून, कागदाची कात्रणं भरून, वरून चिकटपट्टी मारून अशी बांधली ना पेटी, की मला अभिमान वाटला बघा.

आता नीट ऐका, इथंच सगळं झालं. सायखेड्यात द्राक्षाच्या दिवसात पेटी म्हणलं की द्राक्षाची पेटी. लहान पोराला विचारा. मी तिथलीच, मला कळायला नको? पण वीस वर्षं फेरी करून माझ्या तोंडात पेटी म्हणजे एकच उरली होती. किसननं सकाळी फोनवर विचारलं, ताई, काय कुठं उतरवू? मी यादीत डोकं घालून म्हणलं, एक पेटी नांदगावला आक्काच्या घरी, बाकी सगळ्या शीतगृहात. तो म्हणाला बरं. त्याचं काय चुकलं? त्यानं एक पेटी उतरवली नांदगावला. द्राक्षाची.

आम्ही गाडीत, हे चालवतायत, मामा पुढं, आणि फोनवर निरोप आला आक्काच्या घरून, पेटी पोचली, लय गोड हाय. मी मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणलं बघा मामा, उगा काळजी करता. मामा म्हणाला, माझ्याबिगर वाजवली त्यांनी? आणि तोंड खिडकीकडं केलं. आणि मी, मी हसले हो.

दुपारी बाराला पोचलो. मांडव घातलेला, चुली पेटलेल्या, पोरीबाळी नटलेल्या. आक्का दारातच उभी, हसली नाय पण या म्हणाली. मी आत जाऊन विचारलं पेटी कुठं ठेवली, तर तिच्या सुनेनं स्वयंपाकघरात बोट दाखवलं. खोकं उघडं, अर्धी द्राक्षं संपलेली. किसनला फोन लावला, तो म्हणाला, ताई, तुम्हीच म्हणल्या ना एक तिकडं, बाकी थंडीत. ती मोठी पण थंडीतच गेली की.

मी काय करावं? मामाला सांगायची छाती होईना. बाहेर येऊन म्हणलं, मामा, पेटी आतल्या खोलीत हाय, तुम्ही टेका जरा, आम्ही हार-फुलं घेऊन येतो. खोटं बोलले. ज्याच्या घरी वाढले त्याच्याशी खोटं बोलले. तेवढ्यात आक्का ताटलीत द्राक्षं घेऊन आली, म्हणाली, घ्या बाबा, तुमच्याकडचीच हायत, सकाळच्या पेटीतली. मामानं एक मणी उचलला, तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि म्हणाला, हीच का ती पेटी? आणि माझ्याकडं बघितलं.

तेच बघणं. मी पन्नाशीची बाई, सुनेची सासू, आणि मला वाटलं जमीन फाटावी. आक्काला पण कळलं. ती एवढंच म्हणाली, दिवेलागणीपर्यंत मी थांबते. त्याच्या पुढं एक घटका नाय.

निफाडच्या अलीकडं ते शीतगृह, पावणेदोन तास लागले, वाटेत कांद्याचे ट्रॅक्टर हीऽ रांग लावून उभे, ह्यांनी हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला आणि मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतेय की मामाला शिव्या देतेय माझं मलाच कळेना, म्हणजे शिव्या मलाच, मामाला कशाला. पोचलो. सुपरवायझर म्हणाला, गाडी लागल्याशिवाय दार उघडत नाय, गाडी सहाला. दार उघडलं की आतली थंडी जाते, माल परदेशात जायचाय, माझी नोकरी जाईल. मी म्हणलं दादा, आत आमचा बाजा हाय. तो म्हणाला, बाजा आत कसा जाईल? आमच्याकडं फक्त पेट्या येतात. मी म्हणलं पेटीच म्हणतेय मी! तो म्हणाला, पेट्या चार हजार हायत, कुठली काढू?

त्याचं पण बरोबरच होतं हो. मी पायरीवर बसले. हे त्याला समजावतायत, मी घड्याळ बघतेय, अडीच, पावणेतीन. रडायला येत होतं पण लाज वाटत होती, कारण समोर शेडमध्ये तीस-चाळीस बायका द्राक्षं निवडत बसलेल्या, कात्रीनं खराब मणी काढतात ना, त्या सगळ्या माझ्याकडं बघतायत. त्यातली एक उठून आली. सावळी, बारकी, डोक्याला टोपी. म्हणाली, ताई, वळखलं नाय का?

नाय ओळखलं. खोटं कशाला सांगू, यादीत अकरा गावं, शेकडो नावं, नाय ओळखलं. ती म्हणाली, पेठला तुझ्या स्टेजवर नाचलो ना आमी, तू मला साडीची पिन दिली होती. पिन दिलेली पण मला आठवेना. तिचं नाव यमुना. हंगामाला येतात त्या डोंगरातून इकडं. मी तिला सांगितलं पेटी आत हाय, दोन खोकी जोडलेली. ती म्हणाली, कुठली, मामाची? मी मान हलवली. तर ती तशीच शेडमध्ये गेली, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, आणि बघता बघता सगळ्या बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या. सुपरवायझर धावला, म्हणाला काय झालं, काय झालं. यमुना म्हणाली, आमची पेटी आत हाय, ती काढ, मग कात्री उचलू.

आमची म्हणाली. तुमची नाय, ताईची नाय. ते ऐकलं आणि मग मात्र मला रडू आलं.

त्यानं कुणाला तरी फोन केला, दोन फोन केले, आणि म्हणाला, पाच मिनिटं, आणि आत दोघीच. यमुना आणि अजून एक, अंगावर पोती पांघरून शिरल्या. पाच मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. आल्या तर मधे ते खोकं, आणि यमुनाचे ओठ काळेनिळे. आम्ही घाईघाईनं पट्टी फाडली. लाकूड असं गार की बोट ठेववेना, आणि बाहेरचं ऊन लागलं तसं पेटीला घाम फुटला, खरंच, थेंब थेंब. मी मामाला फोन लावला, म्हणलं मामा, मी चुकले. तो म्हणाला, ते राहू दे. भाता हलवू नको. उन्हात ठेवू नको. मांडीवर घे, पदराखाली, अंगाची ऊब दे तिला. एवढं बोलला आणि ठेवला फोन.

मग काय, गाडीत मागं बसले, पेटी मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळून. साडी भिजली, मांड्या बधिर झाल्या. कांद्याचे ट्रॅक्टर परत आडवे. ह्यांना म्हणत होते जोरात चला आणि खड्डा आला की म्हणत होते हळू, ते म्हणाले एक काहीतरी ठरव. नांदगावच्या वेशीत शिरलो तर सूर्य टेकलेला. आक्का समईपुढं बसलेली, हातात काडेपेटी, काडी बाहेर काढलेली, ओढलेली नाय. मामा तिच्या शेजारी, हात मांडीवर.

मी पेटी मामाच्या पुढ्यात ठेवली. आक्कानं आधी माझ्या भिजलेल्या साडीकडं बघितलं, मग पेटीला कुंकू लावलं आणि काडी ओढली. मामानं भाता हलवला, बोटं फिरवली, सगळे सूर बोलले, आणि मधेच एक नुसता खरखरला. घसा बसलेल्या माणसासारखा. आक्का म्हणाली, सर्दी झालीय तिला, होईल बरी, आणि भारूड उचललं. सगळं म्हणली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी खूण नाय केली, डोळे मिटून ऐकलं. नांदगाव राहिलं. तिन्ही गावं राहिली.

सर्दी काय बरी झाली नाय. कारागीर म्हणाला, त्या सुराची पितळी पट्टी बदलू, दहा मिनिटांचं काम हाय. मामा म्हणाला, नाय. राहू दे. मला वाटलं हट्ट. मग सटाण्याला पेटी वाजताना तो सूर आला, खरखरला, आणि मामानं वाजवता वाजवता मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग कळलं का राहू दे म्हणाला. आता मामाचं वय बघता तो फार गावांना येत नाय, दुसरं कुणी वाजवतं, पण तो सूर आला की माझी मान आपोआप खाली जाते. पण तुम्हाला सांगते, हल्लीचं त्याचं बघणं तसं नसतं. सायखेड्याला परवा वाजली, तेव्हा बघितलं आणि हसला. दात नायत, नुसत्या हिरड्या.

फोनवर मी आता बाजाची पेटी म्हणते, पूर्ण. हसतात गावातले, हसू द्या. आज ती पेठला जायची हाय. न्यायला यमुना येतेय, पहाटेच्या एसटीनं निघाली असेल, आता पोचेलच. तिचं नाव मी यादीत नाय लिहिलं, तसंच लक्षात ठेवलंय. दार वाजलं का बघा बरं. उठता उठता जरा हात लावा, ते लुगडं काढा वरचं. हां. ये गं बाई, आधी चहा घे, मग बस इथं, मांडी घाल नीट. घे. आता सुखरूप जा दोघी.