उंदराचं तोंड

जिथे जाईल तिथे लोकांना त्यांचंच काम शिकवणारा आपला विनायक माहीत आहे ना? श्रावणात त्याला घेऊन आचऱ्याला गेलो होतो. तिथे एका गणपतीच्या शाळेत डोकावलो. घराघरांतून मूर्तीसाठी आलेले पाट ओळीने मांडलेले, आणि मधोमध मूर्तिकार दाजी. अंगात बनियन, डोक्याला माकडटोपी. का, तर गिऱ्हाइकांच्या सूचना ऐकू येऊ नयेत!

विनायकचा आवाज मात्र टोपीतूनही पोचतो. "सोंड जाड झालीय. पोटाचं प्रमाण चुकलंय."

दाजींनी टोपी वर सरकवून त्याला निरखलं. "चेहरो बरो आसा तुमचो. वायच हय बसा. हलू नकात."

विनायक हनुवटी वर करून तासभर बसला. वर मला म्हणतो, "कलावंताला माणूस कळतो."

शेवटी दाजींनी पाट आमच्याकडे फिरवला. गणपतीच्या पायाशी उंदीर होता आणि त्याला हुबेहूब विनायकचं तोंड होतं. हनुवटीसुद्धा वर!

"हा काय फाजीलपणा?" विनायक ओरडला.

"माका शिकवक येता, तेका मी उंदीर करतंय," दाजी शांतपणे म्हणाले. "गेल्या वर्सा सरपंचाक केलंय. रागावतास कित्याक? दीड दिवसाचो गणपती आसा. दुसऱ्या दिसाक बुडयतले तुमका."

विनायकने खाली वाकून तो उंदीर नीट निरखला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अकरा दिवसांच्या एखाद्या गणपतीपाशी नाही का बसवता येणार?"