जोडी जुळली की कप्पा रिकामा

नाटकवाल्यांना भाड्याने बूट देणारी एक बाई आणि तिचा संगणकवाला नवरा बसस्टॉपवर तिच्या सासूबाईंच्या गाडीची वाट पाहत माझ्यापुढे उभे होते. बोलणं त्यांचंच आहे. मीठमसाला माझा, तोही चिमूटभरच.

“अगं, नाटकाहून बूट ढिगाने परत आले की जोड्या लावायला पूर्वी तू एकेक बूट उचलून अख्ख्या ढिगाशी ताडून बघायचीस. बूट दुप्पट झाले की मेहनत चौपट. आता माप आणि रंग बघितला की कप्पा ठरला. जोडीदार आधीच आत असला तर जोडी बाहेर, नसला तर हा आत वाट बघत बसणार. एका फेरीत ढीग साफ! यालाच हॅश टेबल म्हणतात.”

“वेळ वाचला हो, पण जागा? पाहुण्यांच्या खोलीतसुद्धा कप्पेच कप्पे. आई झोपणार कुठे?”

“वेळ वाचवायचा तर जागा खर्चावी लागते.”

“हे त्यांनाच सांगा. ती बघा, गाडी वळली.”

“थांब, सुचलं. आई आपल्या खोलीत झोपेल.”

“आणि आपण?”

“नियम म्हणजे नियम. जोडी जुळली की कप्पा सोडायचा. आपण गच्चीवर.”

“चालेल. पण उशी एकच उरलीय, आणि तिची जोडी माझ्या डोक्याशी कधीच जुळलीय.”