पाचाची पाऊणपट

मी साहेबांशी भांडते, असं म्हणता ना तुम्ही? मग झाई गावच्या शाळेतलं हे ऐका आणि सांगा, चूक कोणाची.

शाळा तपासायला साहेब आले. गाडी थेट किनाऱ्यावर वाळूत लावली आणि माझ्या वर्गात शिरून विचारलं, "पाचाची पाऊणपट किती?"

चौथीतली दर्शना लगेच म्हणाली, "पावणेचार. आज पंचमी, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. साहेब, गाडी काढा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाई, हे पाठांतर झालं. ज्ञानरचनावादात मूल स्वतः वस्तू हाताळून ज्ञान रचतं. मणी कुठायत? काड्या कुठायत?"

दर्शना म्हणाली, "पाठ नाय केलं. बाबा बोलला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. मला पटलं नाय. मग मी महिनाभर काठावर बसून पाणी बघितलं, वेळ वहीत लिहिली, तेव्हा पटलं."

तरी साहेबांनी शेरा लिहिला, "शैक्षणिक साहित्याचा अभाव." कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करा."

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "नाही करणार. ज्ञान रचलेली पोरगी समोर उभी आहे आणि तुम्ही मणी शोधताय."

"साहित्याशिवाय रचलं कसं?"

तेवढ्यात पोरं ओरडत खिडकीकडे धावली. गाडीची चाकं अर्धी पाण्यात होती.

मी म्हटलं, "साहित्य आलंय, साहेब. हाताळून बघा."