गॅरेजमधली कळशी

उर्वी : नुसती पुसलीस की घासलीस, आई?

रेखा : चिंच-मीठ लावून घासली. उद्या गौरी यायच्यात. त्यांच्यापुढे ती काळीकुट्ट कळशी मांडू?

उर्वी : ती इग्नासिओच्या टेबलावर होती. तुझा जावई मार्चपासून तीच पेंट करतोय. म्युझियमच्या शोमधलं मेन पेंटिंग आहे ते.

रेखा : मग फोटो काढून ठेवायचा ना.

उर्वी : फोटोवरून तो कधीच काढत नाही. समोर असेल तेच, तेही सकाळी गॅरेजमध्ये ऊन येतं तेवढाच वेळ. यू नो धिस. चहा तूच नेऊन देतेस त्याला. आणि कळशीशेजारची डाळिंबं कुठायत?

रेखा : टाकली. सुकून चामडं झालं होतं त्यांचं. चिलटं झाली होती नुसती.

उर्वी : खाली खडूच्या खुणा होत्या. कुठली वस्तू कुठे, त्याच्या.

रेखा : टेबल पुसल्यावर खुणा राहतील का?

उर्वी : अनबिलीव्हेबल. वेड लागलंय का तुला?

रेखा : आवाज खाली. माझं घर आहे हे. माझ्या सासूबाईंची कळशी आहे. ती तशी काळी म्युझियममध्ये टांगणार, माझ्या मैत्रिणी, मालिनी, विनीता सगळ्या बघायला जाणार. म्हणतील, रेखाला इथे शुगर लँडमध्ये एवढं मोठं घर आहे, पण एक भांडं घासता येत नाही.

उर्वी : विनीता मावशी काय म्हणेल म्हणून? माद्रिदला याची लिंबांची पेंटिंग्ज गाजली तेव्हा गॅलरीवाला म्हणाला, अशीच आणखी दे. यानं दिली नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी विचारलं नाही त्याला. आत्ता कुठे कुणीतरी विचारतंय, आणि तू ते सगळं सिंकमध्ये धुऊन टाकलंस.

रेखा : मला काय माहीत, चित्रात काळं पण काढतात ते?

उर्वी : माहीत नव्हतं, की आवडत नव्हतं?

रेखा : नाही आवडत. सांगून टाकते. चांगला धडधाकट माणूस, एका भांड्यापुढे महिनोन् महिने बसतो. तू दिवसभर ऑफिसात राबतेस. लोक विचारतात, जावई काय करतात. मी काय सांगू?

उर्वी : पेंटर आहे म्हणून सांग. एवढं जड जातं? आम्ही सनीव्हेलला जातो. माझी कंपनी तिथल्या ऑफिसात कधीची बोलावतेय.

(गॅरेजचं दार उघडतं. इग्नासिओ स्वयंपाकघरात येतो. ओट्यावरची चकचकीत कळशी उचलून हातात घेतो.)

रेखा : हे बघ, इग्नासिओ, पूजा झाली की लगेच परत...

इग्नासिओ : आई, मला राग आहे. आज आहे. उद्या पण असेल.

(तो कळशी उजेडात धरून फिरवून बघतो.)

इग्नासिओ : पेंटिंगमध्ये अर्धी कळशी झाली. अर्धी नाही. आता ही दुसरी कळशी आहे. शोमध्ये हे पेंटिंग नाही. मी फोन केला, सांगितलं.

उर्वी : तू आधीच सांगितलंस? वी कुड हॅव ट्राइड समथिंग, यार.

इग्नासिओ : खोटं कसं काढू, उर्वी? मी परत सुरू करणार. पण ही काळी पाहिजे. सनीव्हेलला होईल काळी?

उर्वी : आय डोन्ट नो.

रेखा : तिथल्या कोरड्या हवेत नाही होणार लवकर. इथल्या दमट हवेत होते. इतकी वर्षं घासतेय, मला विचारा. कितीही घासली तरी होते.

उर्वी : आणि पुन्हा गौरी आल्या की?

रेखा : मालिनीकडून आणीन मी दुसरी. इग्नासिओ, तू ही गॅरेजमध्ये नेऊन ठेव. आणि उर्वी, गॅरेजची किल्ली तुझ्याकडे घे. काळं दिसलं की माझे हात काही ऐकायचे नाहीत.