दुसऱ्या भोकाची कड

बाळाच्या लसीसाठी मी दवाखान्यात बसले होते. मागच्या बाकावर सासू-सून होत्या. सासूच्या मांडीवर ऑपरेशनच्या संमतीचा कागद होता, अजून सही न केलेला.

"एकदा डोकं उघडून झालं. आता पुन्हा नाही गं बाई."

"आई, गाठ परत वाढलीय."

"वाढू दे. तू जा तुझी उत्खननातली हाडं पुसायला."

"पुसतेच आहे. परवा एका बाईची कवटी आली, हजारो वर्षांपूर्वीची. तिला दोन भोकं आहेत, दगडाच्या पात्यानं कोरलेली."

"अगं बाई! मारलं की काय तिला?"

"नाही, उपचार केले. पहिल्या भोकाची कड गुळगुळीत झालीय. हाड असं भरून यायला खूप काळ लागतो. म्हणजे ती जगली. आणि मग तिनं पुन्हा डोकं पुढं केलं."

"वेडीच म्हणायची."

"वेडी कशानं? मधली वर्षं गोड गेली असतील."

"इतके दिवस भरवलं कुणी तिला?"

"हाडावरून ते नाही कळत."

"मला कळतं. सुनेनं. मुलगे अशा वेळी चहा आणायला म्हणून जातात, ते उगवतच नाहीत."

"आई, हळू! हे येतायत."

"येऊ दे. दुसऱ्या भोकाचं सांग. त्याची कड?"

"तीही गुळगुळीत."

"खरं सांगतेस, का माझं मन राखतेस?"

"तुमची शपथ."

सासूनं मांडीवरचा कागद सरळ केला.

"पेन दे. आणि ऐक, या वेळी माझे केस तूच काप. त्या नर्सचा हात फार जड आहे."