गाळलेला आवाज

मंडळी, मुखात नाम आहे तोवर एक प्रश्न सोडवून टाकू. एखादी वस्तू उत्तम आहे, हे म्हणायचं कुणी? विकणाऱ्यानं? पारखणाऱ्यानं? की ज्याच्यावर ती वापरायची पाळी येते, त्या माणसानं?

काय हो पाटील, मान हलवताय, पण खिसा का चाचपताय? तुमचा नाही वाजला फोन! सवय हो, सवय!

तर ऐका. इचलकरंजीत दत्तोबा हावळ म्हणून एक गृहस्थ. उभी हयात यंत्रमागावर गेली. पुढे घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला — आवाज गेला! डॉक्टरांनी एक यंत्र दिलं, विजेरीएवढं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे, की घुर्र घुर्र करत शब्द बाहेर पडायचे. नवख्याला वाटावं माशी घोंगावतेय. पण त्यांच्या इंदुबाईंना सगळं कळायचं. मंडळी, त्या घोंगावण्यात हरिपाठ व्हायचा रोज! देवानं कधी म्हटलं नाही, "दत्तोबा, नीट ऐकू येत नाही."

त्यांचा मुलगा सुहास पुण्याला. धंदा काय? नवे फोन तपासायचे आणि व्हिडिओत गुणदोष सांगायचे. नाव मोठं! आणि पोरगा प्रामाणिक बरं का, दोष लपवायचा नाही. एकदा बाजारातला सगळ्यात वरचा फोन घेऊन तो घरी आला. आईबापांना भेट!

"आई, कॅमेरा बघ!"

इंदुबाई म्हणाल्या, "अगंबाई! माझ्या सुरकुत्या मोजायला आणलाईस व्हय? आनि जड किती रं! यांच्या खिशाचा तळ फाटंल की!"

"जड आहे, मान्य. चार्जिंगला लावला की तापतो, तेही मान्य. पण एक गुण असा आहे ना — थांब, दाखवतो."

घराला लागूनच मागांची शेड. खडखट, खडखट, शेजारी बोललेलं ऐकू येत नाही! सुहास शेडच्या दारात उभा राहिला आणि पुण्याच्या मित्राला फोन लावला.

"माग ऐकू येतायत का रे?"

"कसले माग? तू काय देवळात उभा आहेस?"

टाळी वाजवली पठ्ठ्यानं! हा फोन माणसाचा आवाज तेवढा उचलतो, बाकी गोंगाट गाळून टाकतो. व्हिडिओत सांगून टाकलं, "आवाज — दहापैकी दहा!"

दत्तोबांनी गळ्याला यंत्र लावलं. "माझा — जुना — बरा — हाय — रं."

"आप्पा, तुम्हाला नवं काही नकोच असतं!" हसला, आणि जुना फोन आपल्या पिशवीत टाकून पुण्याला गेला. दोन दिवस फोनवर इंदुबाईच बोलल्या. आवाज काय स्वच्छ, जणू शेजारी बसल्यात!

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, भाकरी थापता थापता इंदुबाई छाती धरून खाली बसल्या. बसल्या त्या आडव्या झाल्या.

दत्तोबांनी फोन उचलला. एका हातात फोन, एका हातात गळ्याचं यंत्र. सांगा मंडळी, बायकोचा हात धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

"सु-हास — आई — पडली — गाडी — पाठव!"

पुण्यात सुहासच्या कानाला काय आलं? काही नाही! घुर्र नाही, मागाची खडखट नाही. शांतता! तो म्हणाला, "हॅलो? आप्पा?" आणि ठेवला. वर वहीत लिहून घेतलं, "काच फार हळवी. खिशात आपोआप फोन लागतो." दोष टिपला हो त्यानं! प्रामाणिक ना!

पुन्हा वाजला.

"आप्पा, खिशातून लागतोय तुमचा फोन. मी कामात आहे. आईकडे द्या बघू."

आईकडे द्या! आई कुठं होती, मंडळी? पायाशी होती!

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा सुहासनं आवाज बंद करून ठेवला.

दत्तोबा लावतच राहिले, लावतच राहिले. शेवटी शेडमध्ये धावले. तिथं त्या यंत्राचं कोण ऐकणार? त्यांनी एका कामगाराचा हात चालत्या मागावरून ओढला, तेव्हा कुठं लोक घरात आले, रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

अर्धा तास! फोन तर तेवढा वेळ लागतच होता.

इंदुबाई गेल्या. दिवस झाले. पाहुणे गेले. सुहासच्या मनात एकच घोळत होतं, आप्पा बोलले का नाहीत? चौदाव्या दिवशी त्यानं तो फोन बापाच्या हातात दिला. "आप्पा, मला फोन लावा. काहीही बोला." आणि स्वतः मधल्या खोलीत गेला.

एका कानाला फोन. दुसऱ्या कानाला, भिंतीपलीकडून, घुर्र घुर्र: "सु-हास — आई — पडली — गाडी — पाठव." आप्पांना दुसरं बोलायचं सुचलंच नाही!

आणि फोनमधून? काही नाही. इतक्या हुशार यंत्रानं माग गाळले, तसा बापही गाळला! त्याच्या लेखी दोन्ही गोंगाटच!

पोरगा उंबऱ्यात बसून ओरडून रडला. "आप्पा, मारा मला! हा फोन फोडून टाका!"

दत्तोबांनी यंत्र गळ्याला लावलं. "फोन — चांगला — हाय — रं. तू — मला — बोलून — बघायला — सांगितलंच — न्हाईस."

बघा मंडळी. परीक्षा झाली, ती कुणाच्या गळ्यानं? पोराच्या! वापरायचा कुणी? बापानं! आता सुहासला हसू नका. तुमच्या घरात कोण आहे, ज्याचं बोलणं तुम्ही कुरकुर म्हणून सोडून देता? सासूबाईंचं "गुडघा दुखतोय" कितव्यांदा कानाआड केलंत? त्यांच्यासाठी औषध आणता, खुर्ची आणता, फोन आणता, आणि खुर्चीत बसून बघता तुम्ही! उद्या ज्याच्यासाठी आणाल, त्याच्या हातात द्या. आपण गप्प बसा. तो काय म्हणतो ते ऐका, पूर्ण होईपर्यंत ऐका.

चला, आता गजर. टाळकऱ्यांनो, थांबा जरा! पेटी बंद करा. ते मागे खांबाला टेकून बसलेले आजोबा, ज्यांना खोकला आवरत नाही — आजोबा, आज तुम्ही नाम सुरू करा. हळू म्हणा, थांबून म्हणा, खोकत म्हणा.

आम्ही तुमच्या मागून म्हणतो.