बंदुकीची खोळ

"हॅलो?… हो, हो, नागपूरच मागितलं होतं. द्या, जोडून द्या… हॅलो, कुंदा? कुंदे, मी कमलाकर. ऐकू येतंय ना?… मग ओरडू नकोस, सावकाश बोल. मिस्त्री आहेत ना दुकानात?… बरं झालं बाई. त्यांना तिथेच बसव."

सकाळी अकराला नोंदवलेला ट्रंक कॉल लागायला दीड वाजला. कचेरीत जेवणाची सुट्टी, बाकीचे कारकून डबे घेऊन लिंबाखाली. कमलाकररावांच्या टेबलावर डब्याच्या जागी बंदूक आडवी पडली होती. बंदूक परवान्यांचं टेबल बावीस वर्षं त्यांच्याकडे, पण बंदुकीतलं त्यांना काय कळतं? त्यांना कळतो परवाना. वरून कागद आला होता की नेमसिंगच्या खटल्यातल्या मुद्देमालाची यादी करा, बंदूक कुठल्या देशाची, कुठल्या कारखान्याची, तेही लिहा. तेव्हा त्यांना धाकटी बहीण आठवली. तिच्या घराखालीच बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान, आणि दुकानात फोन.

"हं, विचार म्हणावं… हो, बोल्टचीच. दांडा वर करून मागे ओढायचा, तसली… नळीवर? नळीवर मुकुट आहे, बारका. त्याखाली बी आणि पी… काय म्हणतात?… बर्मिंगहॅम? थांब, लिहून घेतो… लोखंड जर्मनीचं आणि घडाई विलायतेची? असं असतं होय… गंज? छे गं, गंज कुठला. लख्ख आहे, तेल पाजलेलं. विकायला काढली तर कोणीही उचलेल… बरं, आता नंबर सांगतो, म्हणजे साल निघेल. एकेचाळीस, मधे आडवी रेघ, दोनशे पन्नास… हॅलो? कुंदा? का गं, हसायला काय झालं मिस्त्रींना?"

दारापाशी जमनाबाई बसली होती. नेमसिंगची आई. दर बाजारच्या दिवशी ती पांढरकवड्याच्या पलीकडच्या तांड्यावरून यायची, भाकरीची लांबोळी पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायची आणि कचेरी सुटली की जायची. काही मागायची नाही. शिपायानं दोनदा उठवून पाहिलं, मग तोही कंटाळला. कमलाकरराव मात्र तिच्याकडे बघायचं टाळायचे. सागाच्या ठेकेदाराचा रखवालदार जंगलात गोळी लागून मेला, पलीकडच्या नाल्यात ही बंदूक सापडली, आणि कोर्टात परवान्यांच्या वहीवर हात ठेवून 'नंबर जुळतो' असं सांगितलं ते ह्यांनीच. नेमसिंग म्हणत राहिला की माझी बंदूक दोन वर्षांमागे उमरखेडकडे सोयऱ्याच्या घरून येताना गाडी उलटली तेव्हा पैनगंगेच्या पुरात गेली, ही माझी नव्हे. ऐकतो कोण? जन्मठेप झाली.

"काय म्हणाले? परत सांग… नंबर नाही? अगं, नंबर नाही म्हणजे काय, नळीवर कोरलाय… बारूद? एकेचाळीस हे बारुदीचं वजन?… आणि अडीचशे गोळीचं?… म्हणजे ह्या जातीच्या… सगळ्या?… प्रत्येक बंदुकीवर हेच?"

कमलाकरराव उभे होते ते खुर्चीत बसले. रिसीव्हर कानाला तसाच.

"नाही गं, ऐकतोय. ऐकतोय मी."

चूक कशी झाली ते त्यांना तिथल्या तिथे उमगलं, आणि ते जास्तच वाईट होतं. खेड्यातल्या, तोंडातून बारूद ठासायच्या भरमार बंदुका परवान्याला यायच्या तेव्हा कचेरीच त्यांच्या नळीवर ठोकून नंबर उठवायची. नळीवर दिसेल तो आकडा नंबर, ही बावीस वर्षांची सवय. मग कोणा साहेबानं देश सोडताना शिकारीतल्या माणसाला दिलेली एखादी विलायती बंदूक आली, की तिच्याही नळीवर दिसला तो आकडा वहीत उतरवायचा. नेमसिंगच्या बापाची, धावजीची, अशीच आली होती. उघडून कोण बघतो? दाराबाहेर पन्नास माणसं उभी असायची.

"कुंदा… कुंदे, ऐक ना. मी कोर्टात शपथेवर सांगितलं गं. हाच नंबर म्हणून… अगं कोणाचं काय म्हणून काय विचारतेस, त्या बंजाऱ्याच्या पोराचं. नेमसिंगचं. तुमच्या नागपूरच्याच तुरुंगात आहे तो… माझ्या एका आकड्यावर… नाही, शांत कसा होऊ? तू होशील शांत?… हो, बाई तीन मिनिटं झाली, ठाऊक आहे, वाढवा. वाढवा म्हटलं ना. कापू नका."

मधेच बोलणारी ऑपरेटर गेली. कमलाकररावांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. दारातून जमनाबाई बघत होती. मुलाचं नाव तिनं ऐकलं होतं, बाकी काही नाही.

"हं, मिस्त्री काय म्हणतात? खरा नंबर कुठे असतो?… पोटाखाली? लाकूड काढावं लागेल?… आहे, पेचकस आहे शिपायाचा. थांब. रिसीव्हर मानेत धरतो… खालचे दोन पेच. एक निघाला… दुसरा घट्ट आहे मेला… निघाला. उचलली नळी… हो, आहे गं, आहे. इंग्रजी आकडे, बारीक आहेत. चष्मा… सात. एक. आठ. सात. सात हजार एकशे सत्याऐंशी. लिहिलं त्यांनी?… विलायतेला पत्र टाकतील? कारखान्याच्या वह्या असतात म्हणे… अगं पण ती कोणत्या साहेबानं घेतली ते कळेल. पुढे कोणाच्या हातात गेली ते माझ्या वहीत पाहिजे होतं, आणि माझ्या वहीत बारुदीचं वजन आहे. धावजीच्या बंदुकीचा खरा नंबर जगात कुठेच नाही, कुंदे. ही त्याची म्हणायला पुरावा नाही, आणि त्याची नाही म्हणायलाही नाही. मी दोन्हीकडून बुडवलं त्याला."

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. बावीस वर्षांत ते कचेरीत कोणावर ओरडले नव्हते की रडले नव्हते.

"अपील?… आहे ना, पुढल्या महिन्यात. वकिलाला लिहितो, आजच लिहितो. नोकरी जाईल तर जाईल… अगं माझं सोड. पण नुसती वही खोटी म्हणून भागेल का? ते म्हणतील, मग ही कोणाची, सांगा… काय?… मिस्त्री काय विचारतात?… घरच्यांना? घरच्यांना काय ठाऊक असणार गं, अक्षरशत्रू लोक… बरं, विचारतो. धर जरा."

त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला.

"बाई, तुमच्या बंदुकीवर काय काय कोरलं होतं, आठवते काय?"

"मले वाचता कुठं येते, साहेब," जमनाबाई म्हणाली. "पन पाह्यलं तसं टाकलं ना मी."

"कुठं टाकलं?"

"खोळीवर. दसऱ्याले माह्या घरधन्यानं सारी उघडली होती तेल पाजाले. पूजा व्हायची नं हत्याराची. म्या बाजूले बसून खोळ शिवली. लोखंडावर जे जे चित्तर होतं ते घेतलं."

आणि तिनं मांडीवरची भाकरीची पिशवी पुढे केली. दर आठवड्याला कमलाकरराव ती पिशवी बघत होते. लांब, अरुंद, लाल कापडाची, आरसे लावलेली. ती बंदुकीची खोळ आहे हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कुंदा, कुंदा, थांब. फोन ठेवू नकोस. मिस्त्रींना सांग, सापडलं… अगं खोळ. तिनं सुईनं उतरवलंय सगळं, बंदुकीवरचं. खरा नंबर असणार त्यात, असणारच… हो ना. खोळीवरचा ह्या बंदुकीहून वेगळा निघाला की सुटला तो. सुटला गं पोरगा. कापड खोटं बोलत नाही… बाई, भाकर काढा, भाकर काढा तिच्यातली. इकडे आना. उजेडात धरा."

तिनं भाकरी पदरात बांधल्या आणि खोळ टेबलावर पसरली. मुकुट होता, बी-पी आणि एकेचाळीस-अडीचशेही, काळ्या दोऱ्यानं. त्याच्याखाली फुलं, मग आरसे, मग पुन्हा फुलं. पार खालच्या शिवणीजवळ, पांढऱ्या दोऱ्यात, एक ओळ होती.

कमलाकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हो, आहे मी… बघतोय… नाही, अजून नाही."

जमनाबाई टेबलापाशी सरकली. उघड्या लोखंडाच्या पोटावर तिनं बोट ठेवलं, मग कापडावर, मग पुन्हा लोखंडावर. तिच्या परीनं ती वाचत होती.

"विळा," ती हळूच म्हणाली. "खुंटी. दोन कड्या, एकावर एक. मंग पुन्हा विळा."

तिचं बोट लोखंडावरच थांबलं. पुरात गेलेल्या लोखंडाला दोन वर्षांत काय होतं हे नदीकाठच्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं बोटाला लागलेलं तेल पाहिलं. मग कमलाकररावांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पदर कपाळाखाली ओढला.

"हॅलो… हो कुंदा. ऐकू येतंय."

त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टातली दुसरी बाई आली. रखवालदाराची बायको, ती पण अशीच दाराशी बसायची, कडेवर मूल. तिला काय सांगायचं? आणि हिला?

"नाही… नाही गं, नंबर नाही. नक्षी आहे नुसती… म्हणजे विळे आहेत, कड्या आहेत. बायका काढतात तसली… अगं नाही म्हटलं ना. मला वाटलं होतं तसं. चुकलं माझं, आजचा दिवसच चुकायचा आहे… माझा आवाज? आवाजाला काय झालं. लाइन खराब आहे."

जमनाबाईनं खोळ ओढून घेतली. जमिनीवर बसून तिनं खालची शिवण दाताखाली धरली आणि पांढरा दोरा तोडला. मग नखानं एकेक टाका उपसू लागली. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, त्या वाजू नयेत म्हणून तिनं हात मांडीला दाबून धरला होता. कमलाकररावांनी तिला थांबवलं नाही. थांबवायला पाहिजे होतं, हे त्यांना पुरतं कळत होतं.

"काय?… खोळ पाठवून दे म्हणतात? कशाला?… मिस्त्रींना म्हणावं, काही उपयोग नाही. भाकरीचं फडकं आहे ते… हो, वकिलाला लिहिणार. लिहिणारच. वही चुकली ती चुकलीच, ती माझी मी सांगेन… मघाशी आनंद झाला होता म्हणतेस? आनंद कुठून येणार, कुंदे?… काही नाही. सहज म्हटलं."

शेवटचा टाका निघाला. जमनाबाईनं दोऱ्याचे तुकडे तोंडात घातले, गिळले, आणि खोळ दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरली. दहा-बारा वर्षांच्या उन्हानं ते कापड विटून पार फिकं झालं होतं. दोऱ्याखाली तेवढं ऊन पोचलं नव्हतं. तिथे पहिल्या दिवसाचा लाल रंग तसाच होता. विळा, खुंटी, दोन कड्या, विळा. आधी होता त्याहून ठळक.

"साहेब," तिनं विचारलं, "आता दिसते काय?"

"काय गं?… कोणी नाही, इथली बाई आहे. काही विचारतेय." कमलाकररावांनी कापडाकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. "नाही. काही दिसत नाही… तुला नाही म्हटलं, कुंदा. ठेवतो आता."

त्यांनी फोन ठेवला.